गाण्यात वारलेली शिवलीला

दिग्विजय पहिल्यांदा शिवलीलाच्या दुकानात शिरला तो प्रेमात पडायला नव्हे. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला. दोन्ही बाजू, एकाच कागदावर. प्रेमकथेची सुरुवात याहून बरी असायला हवी होती, पण त्याला दोघांचाही इलाज नव्हता.

त्या दिवशी अणदूरचा खंडोबा नळदुर्गला निघणार होता. देव एक आणि देवळं दोन, म्हणून दोन्ही गावचे मानकरी दरवर्षी बसून लेखी करार करतात. देव इथं किती, तिथं किती, परत कधी, सगळं कागदावर. मग देव निघतो आणि गाव हळदीच्या ढगात बुडून जातं. दिग्विजय त्या ढगातूनच आत आला. केस पिवळे, कॉलर पिवळी, पापण्यासुद्धा पिवळ्या. माकणीचा पोरगा, सोलापूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, इथं बलभीममामाकडे आलेला. शिवलीला बावीस वर्षांची, महालिंगप्पांची धाकटी लेक. हायवेच्या कडेला झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन आणि सरकारी अर्ज असं चौफेर राज्य चालवणारी.

तिनं कार्ड घेतलं. फोटो पाहिला, मग समोरचा चेहरा पाहिला.

"हा फोटो तुमचाच का?"

"व्हय. का वो?"

"सुम्मने विचारलं."

सुम्मने म्हणजे कानडीत उगाच. घरात कानडी आणि दुकानात मराठी बोलणाऱ्या त्या मुलीच्या तोंडी हा शब्द दिवसातून चाळीस वेळा यायचा, आणि त्यातला एकही उगाच नसायचा.

"आन ह्याची पण एक काढा," म्हणत त्यानं खिशातून वहीचा एक चुरगळलेला कागद काढला. तिनं तो काचेवर ठेवला, प्रत काढली, पैसे घेतले, आणि तो पायऱ्या उतरून पुन्हा पिवळ्या ढगात शिरेपर्यंत बघत राहिली. मूळ कागद झाकणाखालीच राहिला. हजारो झेरॉक्स काढलेल्या हाताची ती पहिली चूक.

पाठोपाठ निवृत्त मास्तर गुरुसिद्धप्पा आले. पाण्याच्या टाकीचा अर्ज, पाच प्रती. तिनं त्यांचा अर्ज आधीच्या कागदावरच ठेवला आणि बटण दाबलं. तासाभराने मास्तर परत आले. चेहरा शांत, पण शांतता जरा जास्त.

"शिवलीला, टाकीचा अर्ज दिला होता मी."

"व्हय, मास्तर."

मास्तरांनी चष्मा लावला आणि खड्या आवाजात वाचलं, "'एसटी येती साडेसातला, बोर्ड म्हणतं सहा, कंडक्टर म्हणतो थांबा बाळ, प्या की अजून चहा.' अर्ज माझ्यापेक्षा बरा लिहिलाय. फक्त यात टाकीचा उल्लेख नाही."

संध्याकाळी दिग्विजय धापा टाकत आला.

"इथं माझा कागद राहिला का?"

"कोणता? एसटीचं वेळापत्रक?"

त्याचे कान लाल झाले. हळदीवर लाल फार खुलून दिसतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

"ते... रॅप हाय."

"म्हणजे?"

"गाणंच. पण चाल नसलेलं."

"चाल न्हाय तर गाणं कशाला म्हणायचं?"

"वेळ न्हाय तरी वेळापत्रक म्हणता की."

ती हसली. हसायचं नव्हतं, पण हसली. "पाच प्रती निघाल्यात त्याच्या. चार इथं हायत."

"आन पाचवी?"

"ग्रामपंचायतीत. आवक क्रमांक पडला."

अशा रीतीने दिग्विजयचं पहिलं गाणं शासकीय दप्तरी दाखल झालं. त्यावर कार्यवाही झाली नाही, पण ती टाकीवरही झाली नाही.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. सोलापूरला पन्नास दुकानं असताना झेरॉक्सला अणदूरला येणं म्हणजे काय, हे शेजारच्या टपरीलाही कळत होतं. ताज्या झेरॉक्सचा कागद गरम असतो. तिच्या हातून त्याच्या हातात जाताना तो दोघांनी धरलेला असायचा – आणि थंड होईपर्यंत धरलेलाच राहायचा. एका पानाला इतका वेळ लागलेला महालिंगप्पांनी एकदा पाहिला आणि मशीन जुनं झालं म्हणून हळहळले.

त्यानं नाव घेतलं 'डिग्गी बॉम्ब'. मामाच्या ट्रॅक्टरवर उभं राहून पहिला व्हिडिओ केला. गाण्यात एसटी होती, फाट्यावरची भजी होती, मोबाइलची रेंज शोधत पिंपळावर चढलेला तलाठी होता. तीनशे बारा जणांनी पाहिला. त्यातले दोनशे जण म्हणजे एकटी शिवलीला होती.

"इथं अडखळतंय," ती म्हणायची. "'तलाठी' म्हटल्यावर एक श्वास थांब. मग 'चढला' म्हण. लोकांना आधी वाटू दे, साहेब हापिसात असतील."

"तू लिहीत का न्हाईस?"

"मी दिवसभर लिहितेच की. 'मी खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर सांगते...'"

"मग सांग की सत्य प्रतिज्ञेवर."

"काय?"

"मी आवडतो का... तुला."

तिनं मशीनचं झाकण उघडलं, पुन्हा बंद केलं. "अर्ज रीतसर कर. पुराव्यासहित."

त्यानं खिशातला हात काढला. हातात काही नव्हतं. तो नुसताच काउंटरवर ठेवला, तळवा वर करून... तिनं एकदा बाहेर पाहिलं आणि त्यावर आपला ठेवला.

दोन वर्षांनी तो पुण्याला निघाला. तिथं स्टुडिओ होते, स्पर्धा होत्या आणि त्याच्यासारखी चारशे पोरं होती. ती रडली नाही. टाइप करायला बसली.

"लिहून देणार, दिग्विजय. लिहून घेणार, शिवलीला. कारणे करारपत्र लिहून देतो की, मी सव्वादहा महिने पुण्यात राहीन आणि देव नळदुर्गला असतो ते पावणेदोन महिने अणदूरला राहीन."

"म्हंजे देव गेला की मी येणार?"

"गावात एकाच वेळी दोघं नकोत. गर्दी होते."

त्यानं हसत सही केली. तिनं मात्र सही करताना हसणं थांबवलं होतं. अणदूरच्या माणसाचा हा एक दोष आहे. देव करारानं जातो आणि करारानं परत येतो, हे जन्मल्यापासून बघितल्यामुळे माणूसही येईल अशी त्याची समजूत असते. दुसऱ्या गावची मुलगी असती तर तिनं निदान रडून घेतलं असतं.

पहिल्या वर्षी तो ठरल्या दिवशी आला आणि पूर्ण राहिला. दुसऱ्या वर्षी नऊ दिवस राहिला, त्यातले सहा फोनवर होता. तिसऱ्या वर्षी साथ आली. जगात प्रत्येकाला कारण मिळालं, त्यालाही मिळालं. चौथ्या वर्षी अणदूरच्याही पुढं एके ठिकाणी कार्यक्रम होता. तो हायवेवरून गाडीनं गेला, फाट्यावरच्या धाब्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'मिट्टी'. धाब्यापासून तिचं दुकान चारशे पावलं होतं. तिनं नंतर मोजली.

तोवर तो बदलला होता. कलावंतानं बदललं पाहिजे, असं मुलाखतींत सांगतात, आणि तो मुलाखती ऐकत होता. 'डिग्गी बॉम्ब' जाऊन 'डी-विज' आला. भाषा हिंदी झाली, चष्मा काळा झाला, गाण्यात दुश्मन आले. माकणीत त्याचा दुश्मन एकच होता, बांधाशेजारचा, आणि तोही चुलता. तरी गाण्यात तो टोळ्यांनी दुश्मन मारत होता. लोकांनी ऐकलं नाही. खरे गुंड ऐकायला मोकळे नव्हते आणि बाकीच्यांना ओळखीचं काही सापडत नव्हतं. शिवलीला मात्र प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐकायची, आणि फोनवर सांगायची, "इथं अडखळतंय."

"पुण्यात असं कुणी म्हणत न्हाय मला," तो चिडायचा.

"म्हणून तर अडखळतंय."

एकदा गप्पांत तिनं सहज सांगितलं, "दुकान बंद करताना शटर मी अर्धंच ओढते. सोलापूरची शेवटची गाडी जाईपर्यंत. तू उतरलास आन पूर्ण बंद दिसलं तर मागं फिरशील."

तो बराच वेळ काही बोलला नाही. तिला वाटलं, गहिवरला. तो लिहून घेत होता.

पुढं फोन कमी झाले. त्याच सुमारास जिल्ह्याचं नाव बदललं आणि शिवलीलाला सगळे छापील अर्ज रद्दीत घालावे लागले. दिग्विजयनंही तिसऱ्यांदा नाव बदललं. आता तो 'दिगू माकणीकर' होता. मातीतला, मुळांकडे परतलेला, संबळ-तुणतुण्यासकट. आणि त्याचं गाणं आलं, 'अर्धं शटर'.

शटर अर्धं, जीव अर्धा, शेवटची गाडी गेली,
माझी वाट बघता बघता माझी लीला मेली.

शिवलीलानं ते दुपारी, लॅमिनेशनच्या मशीनशेजारी बसून ऐकलं. गाणं चांगलं होतं. कुठंच अडखळत नव्हतं. लीला फाट्यावर उभी राहायची, गाड्या मोजायची, आणि शेवटच्या कडव्यात माकणीच्या धरणात उतरून जायची, पाण्यावर एक चप्पल ठेवून. त्या बिचाऱ्या पोरीसाठी शिवलीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. पदरानं – म्हणजे ओढणीनं – डोळे पुसल्यावर तिच्या लक्षात आलं की ती बिचारी पोरगी आपणच.

चाळीस लाख लोकांनी ऐकलं. बार्शीहून, लातूरहून पोरं मोटारसायकलींवर यायला लागली. दुकानाचा फोटो काढायची. शटर वर असलं की हिरमुसायची. एकानं तिलाच विचारलं, "ताई, लीलाची समाधी कुठं हाय?"

"समाधी न्हाय. झेरॉक्स हाय. काढायची का?"

महिन्याभरात हयातीचे दाखले सुरू झाले. निराधार योजनेचा पगार चालू राहायला म्हाताऱ्या माणसांना आपण जिवंत असल्याचं सरकारला पटवावं लागतं, आणि ते पटवायचं काम शिवलीलाच्या दुकानी व्हायचं. धुरपताबाईंचा अंगठा मशीनला ओळखू येईना. खुरपं धरून रेषाच झिजलेल्या.

"बघ बाई," धुरपताबाई म्हणाल्या, "मला मशीन मेलेली म्हणतंय, तुला त्यो पोरगा. बरं हाय, जोडीनं जाऊ."

शिवलीला हसली, पण घरी कुणी हसत नव्हतं. तामलवाडीचं एक चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा उमाशंकर, शाळेत शिक्षक. त्यांच्याकडच्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "गाण्यातली ती... हीच का? मग जीव दिलेला, तो कुणी?" शिवलीलाच्या आईनं, लक्ष्मम्मांनी, पोह्यांच्या बश्या उचलल्या. महालिंगप्पा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरी, त्याला एवढं तरी सांग की, चारचौघांत म्हणावं, ही पोरगी जिती हाय. मग तू त्याची हो, न्हायतर कुणाची हो. मला चालंल."

तिनं निरोप पाठवला. सहा महिन्यांनी तो स्वतः आला. भर दुपारी, एकटाच, पाठमोरा उभा राहून आधी रस्ता बघून घेत.

"कशी हायस?"

"मेलेली माणसं असतात तशी. काम काय होतं?"

"शिवे, असं नको ना..." त्यानं काउंटरवर हात ठेवला. या वेळी तळवा खाली होता. "उद्या माणसं यायलीत मुंबईहून. गाण्यावर फिल्म करायलेत. सात वर्षं झिजलो गं. ही निघाली की मला मागं बघावं लागणार न्हाय."

"आत्ता तरी कुठं बघतोस."

"दोन दिवस... मावशीकडं आळंदला जाशील का?"

मशीन गुणगुणत होतं. तिनं ते बंद केलं.

"का?"

"त्यांना सांगितलंय... खरी गोष्ट हाय म्हणून. ती खरंच... गेली म्हणून."

"म्हंजे गाण्यात मारून भागलं न्हाय. बाहेर पण मारलंस."

"तू ऐकलंस का गाणं?"

"ऐकलं. चांगलं हाय."

ही एवढी दोन वाक्यं ऐकायला तो पुण्याहून आला असावा. चेहरा एकदम उजळला, अगदी पहिल्या दिवसासारखा. "खरं सांगू? चार महिने लिहीत होतो. तुला जिवंत ठेवलं की कडवं पडायचं. काय करणार तू – दुकान चालवणार, अर्ज भरणार, माझ्या चुका काढणार. त्यात रडण्यासारखं काय हाय? मारलं, आन गाणं उभं राह्यलं."

"मग नवीन अल्बमात उठव मला."

"हसतेस... पण मला तू आवडतेस, शिवे. अजून. गाण्यात जे रडलोय ते खोटं न्हाय." त्याचा आवाज खरोखर कापला. "दुसरी कुणी न्हाय माझ्या आयुष्यात."

सात वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं, तिला दोन दिवस गावाबाहेर घालवण्याच्या बोलीत गुंडाळून आलं. तरी ते पोचलं. ते लपवायला ती कागदांचा गठ्ठा काउंटरवर ठोकून सारखा करू लागली, जो आधीच सारखा होता.

"मी आळंदला जात न्हाय," ती म्हणाली. "उद्या मी हितंच असणार. तू एवढंच कर. त्यांच्यासमोर म्हण – लीला जिवंत हाय, ती ही. एवढंच. लग्न कर म्हणत न्हाय, राहा म्हणत न्हाय. गाणं बुडलं तर दुसरं लिही, मी चुका काढीन. पण म्हण."

त्यानं काउंटरवरचा हात काढून खिशात घातला. मग म्हणाला, "बघतो."

ज्या मुलीची हयात सरकारी कचेऱ्यांत अर्ज घेऊन जाण्यात गेली तिला 'बघतो'चा अर्थ माहीत असायला हवा. माहीत होताच. तरी दुसऱ्या दिवशी तिनं निळा, ठेवणीतला ड्रेस घातला.

दहा वाजता गाडी आली. कॅमेरा उतरला, छत्र्या उतरल्या, मुलाखत घेणारी गायत्री उतरली. शहरातली, हुशार, मनापासून हळवी झालेली मुलगी. शेवटी दिगू माकणीकर उतरला. धोतर, फेटा, खांद्यावर घोंगडी. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर पँट घातली होती. गर्दीत उभे असलेले बलभीममामा भाच्याकडे बघून पुटपुटले, "आमच्यात असलं कोण नेसतंय?"

गायत्री दुकानासमोर आली. "हेच ते शटर?"

"हेच," दिग्विजय म्हणाला.

शिवलीला पायरीवर उभी होती. महालिंगप्पा आतल्या खुर्चीतून उठून दाराशी आले. गुरुसिद्धप्पांनी चष्मा पुसला. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं; बोलायचं कुणी, हे ठरलेलं होतं.

"आणि या कोण?" गायत्रीनं विचारलं. "तुम्ही ओळखता यांना?"

दिग्विजयनं शिवलीलाकडं पाहिलं. काळा चष्मा नव्हता. डोळे तेच होते. त्यानं श्वास घेतला. तिनंच शिकवल्यासारखा, महत्त्वाच्या शब्दाआधी एक श्वास. ओठ उघडले. ती नकळत अर्धं पाऊल पुढं आली.

"ह्या..." तो म्हणाला. "झेरॉक्सवाल्या ताई."

आपल्याकडे मुलगी मुलाला दादा म्हणून वाटेला लावते, हा जुना रिवाज आहे. सात वर्षांनी मुलानं ताई म्हणायचं, हे अणदूरलाही नवीन होतं. बलभीममामा खाली मान घालून स्वतःच्या चपला बघू लागले. महालिंगप्पा एक पाऊल पुढं आले, तेव्हा शिवलीलानं मागं न बघताच हात आडवा धरला.

गायत्रीला काही कळलं नाही. तिनं माइक पुढं केला. "ताई, तुम्ही इथल्याच. तुम्ही लीलाला ओळखत होता?"

"व्हय. चांगली ओळखत होते."

मागं उभ्या दिग्विजयचा रंग उतरला. त्याला वाटलं, आता बोलणार. सगळ्यांनाच वाटलं.

"कशी होती ती?"

"हुशार होती. कामाची होती. दुसऱ्याच्या चुका लगेच दिसायच्या तिला." शिवलीला थोडं थांबली. "एकच खोड होती. कुणी लिहून दिलं की खरं धरायची."

"ती वाट बघून गेली, हे खरं?"

"न्हाय वो. वाट बघून कुणी मरत न्हाय. दुकान असतं, आईबाप असतात, बायका अंगठा घेऊन येतात, दिवस जातो. वाट बघत तिनं अजून धा वर्षं काढली असती."

"मग? कधी गेली?"

"आत्ताच," शिवलीला म्हणाली. "तुम्ही आलात तेव्हा होती. हितं, ह्या पायरीवर. आत्ताच गेली."

गायत्रीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिला ते काव्य वाटलं. दिग्विजयनं घोंगडीत तोंड लपवलं, आणि या वेळचं रडणं खरंच खरं होतं, इतकं की त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं असावं. कॅमेरा नेमका त्याच्याकडं नव्हता.

"कट!" कॅमेरामन ओरडला. मग ओशाळून म्हणाला, "ताई, सॉरी. शेवटच्या वाक्याला मागून ट्रक गेला हायवेवरून. हॉर्न आलाय. परत एकदा म्हणाल का? जसंच्या तसं?"

शिवलीलानं कपाळावरची बट मागं सारली. दिग्विजय तिच्याकडं बघत होता. मान हलवत होता – नको, नको म्हणून. तिनं त्याच्याकडं एक क्षण पाहिलं, ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाकडं बघतात तसं.

"म्हणते की," ती म्हणाली.

आणि तिनं पुन्हा म्हटलं. तेच शब्द, तेच थांबणं. पहिल्या वेळी 'आत्ताच गेली' म्हणताना तिचा आवाज थोडा हलला होता. दुसऱ्या वेळी हलला नाही. कॅमेरामनला दुसरंच जास्त आवडलं.